एका घरी एकच पिशवी

देवाधर्माचं सांगत फिरणारी माणसं मला आवडत नाहीत. आमच्या मठातले स्वामी दुकानापुढून जाताना दिसले तरी मी खाली वाकून दोऱ्याची रिळं लावायला घेतो. वय झालंय, कान थकलेत, आणि ऐकण्यासारखं फार काही उरलेलं नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. तरीही एका ख्रिस्ती सुवार्तिकाची पिशवी माझ्या दुकानात वीसेक वर्षं खिळ्याला लटकत होती. ती नेहमी एकच पिशवी नसायची, दोनातली कुठली तरी एक असायची. ते कसं, ते सांगायलाच बसलोय.

अहमदपूरला बसस्टँडकडून मोंढ्याकडं जाताना डाव्या हाताला माझं दुकान आहे. सुया, दोरे, बटणं, अस्तराचं कापड आणि शिलाई मशीनचे सुटे भाग. आजूबाजूच्या खेड्यांतल्या शिंप्यांचं आणि शिवणकाम करणाऱ्या बायकांचं माझ्याशिवाय चालत नाही, असं पूर्वी म्हणायचो. हल्ली त्यांना सगळं मोबाइलवर घरपोच येतं. असो. एका सकाळी नांदेड-लातूर गाडीनं एक काळासावळा, उंच, किंचित पोक आलेला माणूस उतरून दुकानात आला. पायरीखाली चपला काढल्या. माझ्या दुकानात कुणी चपला काढत नाही. मशीनचा चामडी पट्टा घेतला, आणि खांद्यावरची निळी पिशवी पुढं करून म्हणाला, "आप्पा, दिवसभर ही ठिवून घेता का? सांजच्या गाडीला घेऊन जातो."

"काय हाय हिच्यात?"

"देवाचं पुस्तक हाय."

"मग ते हितं ठिवून कुठं चाललात?"

"कामाला," तो म्हणाला, आणि दुसऱ्या खांद्यावरची खाकी पिशवी दाखवली. तिच्यात पाने, पेचकस, तेलाची कुपी, चिंध्या.

हे शांतवन मास्तर. राहायला नांदेडला, एका खोलीत. तरुणपणी मिशनच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करायला शिकले होते आणि तिथंच प्रभूचं कामही शिकले. पोटासाठी मशीन दुरुस्त करायचे, आणि प्रभूसाठी प्रचार करायचे. मास्तर त्यांना का म्हणायचे ठाऊक नाही. शाळेत शिकवलेलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्याकडं पाहून दुसरं काही म्हणवत नसे, एवढंच.

त्यांचा नियम असा, की एका घरी एकच पिशवी उघडायची. ज्या घरी मशीनचं काम केलं, मजुरी घेतली, त्या घरी येशूचं नाव काढायचं नाही. ज्या घरी येशूचं सांगितलं, त्या घरातून काही घ्यायचं नाही. पैसा नाही, धान्य नाही, चहा नाही, पाणीसुद्धा नाही. जवळ स्टीलची बाटली आणि डबा. डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. गावच्या पारावर बसून खायचे, बाटलीतलं पाणी प्यायचे. दोन्ही पिशव्या बरोबर असल्या की मोह होतो म्हणून त्या दिवशी न लागणारी माझ्याकडं ठेवायचे. त्यामुळं माझ्या दुकानात काही दिवस पाने-पक्कड असायचे आणि काही दिवस प्रभू. मी गळ्यात लिंग बांधणारा माणूस. आमची मंडळी विचारायची, "आप्पा, हे काय अडकवलंय?" मी म्हणायचो, "गिऱ्हाइकाचं हाय, गप ऱ्हावा."

प्रचारक म्हणून मास्तर अगदीच सुमार होते, हे मी मैत्रीला स्मरून सांगतो. आवाज बारीक. बोलता बोलता धागा सुटायचा, मग खोकायचे, डोळे मिटून आठवत बसायचे, तोवर समोरचा माणूस म्हशीला पाणी दाखवून परत यायचा. त्यांच्याकडं चमत्कार नव्हते, आजार बरे करण्याचं आश्वासन नव्हतं. एका बाईनं विचारलं, "तुमच्या देवाला मानलं तर पोराचा ताप उतरंल का?" मास्तर म्हणाले, "ते मला सांगता येत न्हाई बाई. आधी दवाखान्यात न्या." ती गेली ती गेलीच. मला हे कळल्यावर मी त्यांना म्हटलं, "मास्तर, तुम्हाला माल विकता येत न्हाई. जरा तरी झाकून बोलावं." त्यांनी शांतपणे माझ्याकडं पाहिलं. "माल न्हाई आप्पा तो," म्हणाले.

दुरुस्तीत मात्र त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. मशीनच्या डोक्याला कान लावायचे आणि चाक हळूहळू फिरवायचे. काम झालं की खिशातून चिंधी काढून तिच्यावर एक सरळ शिलाई मारायचे आणि ती चिंधी दारात नेऊन उन्हाला धरून बघायचे. एक टाका जरी सैल दिसला तरी पुन्हा सगळं उघडायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "चालतंय की मास्तर, लई बारीक बघू नका." ते बघायचेच. पुढं माझ्या लक्षात आलं, की स्वतःच्या मनाशीही त्यांचं असंच चालायचं. दिवसाकाठी एकदा तरी ते मन उन्हाला धरून बघत असणार, आणि कुठं ना कुठं टाका सैल दिसत असणार.

"काय मास्तर, कसं काय?" असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "चालून राहिलो, आप्पा." कुठल्या गावात कुत्री अंगावर सोडली, तरी चालून राहिलो. उदगीरकडच्या एका गावात पोरांनी पत्रकं हिसकावून त्यांच्यासमोर फाडली, त्यांना भर उन्हात चावडीपुढं उभं केलं, तरी संध्याकाळी पिशवी घेताना तेच. त्या दिवशी त्यांच्या सदऱ्याची बाही फाटली होती. मी सुई-दोरा पुढं केला. सुईत दोरा ओवायला त्यांना बराच वेळ लागला. मी दुसरीकडं बघत राहिलो. मला त्या पोरांचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर मास्तरांचाही आला होता. कशाला जायचं एवढं, जिथं कुणी बोलावलेलं नाही?

एकदा हे तोंडावर विचारलं. आणि हा पिशव्यांचा नियम तरी कुणी घालून दिला, तेही विचारलं. तेव्हा त्यांनी किल्लारीचं सांगितलं.

भूकंप झाला त्या वर्षी मास्तर तिशीतले होते. कुठल्या तरी मंडळीबरोबर मदतीच्या ट्रकमध्ये बसून किल्लारीला गेले. ताडपत्र्या, घोंगड्या, बिस्किटं वाटायची होती. रांग लावली. ट्रकवरच्या पुढाऱ्यानं टूम काढली, की रांगेतल्या प्रत्येकानं आधी येशूच्या नावानं छोटी प्रार्थना म्हणायची, मग ताडपत्री. प्रार्थना म्हणून घ्यायचं काम मास्तरांकडं आलं. ते उत्साहात होते. एवढी माणसं एका दिवसात प्रभूचं नाव घेताहेत, म्हणून त्यांचा ऊर भरून आला होता. मग एक म्हातारा पुढं आला. अंगावर मातीच माती. घर पडलेलं, बायको त्याच्याखाली, अजून काढलेली नव्हती. तो हात जोडून म्हणाला, "बाबा, कोण्या देवाचं नाव घ्यायचं ते येकदाच सांग. मी घेतो. पर ताडपत्री लवकर दे, पाऊस यायलाय."

"मी दिली ताडपत्री, आप्पा," मास्तर म्हणाले. "परार्थना म्हणून घेतली न्हाई. पर त्याच्या आधी चाळीस-पन्नास जणांकडून घेतली होती ना. त्यांचं काय करू मी?"

मग म्हणाले, "देवाचं नाव आन् देण्याघेण्याची वस्तू येका हातात धरायची न्हाई, हे तवापासून."

मी त्यानंतर त्यांची थट्टा कमी केली. बंद नाही केली, कारण थट्टा केली नाही तर माझ्याजवळ बोलायला काही उरत नाही. एकदा नांदेडला कुठल्याशा मोठ्या संस्थेचे लोक पांढऱ्या गाडीतून आले होते. चाकूरच्या पुढच्या एका गावात मास्तरांची छोटी मंडळी जमायची, पत्र्याच्या शेडमध्ये, दर रविवारी. माणसं मोजून सात. संस्थेवाल्यांना फोटोत गर्दी हवी होती. "शेजारपाजारच्या बायका बसवा की दहा मिनिटं," ते म्हणाले. मास्तरांनी सातच बसवले. संस्थेकडून त्यांना महिन्याला मिळणारं थोडंफार मानधन त्यानंतर बंद झालं. मी म्हटलं, "गेली तुमची एजन्सी." ते हसले. हसले की त्यांचे खालचे दोन पडलेले दात दिसायचे. पण त्या वर्षी त्यांच्या चपला फारच झिजलेल्या होत्या, तेही दिसायचं.

आता पाण्याचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच येऊन ठेपलं.

माझा साडू विरभद्र खेड्यात शेती करतो. बैठकीचा, मानी माणूस. त्याच्या घरात पूर्वी मास्तरांच्या आज्या-पणज्यांसारख्या माणसांना अंगणात बसवून वरून ओंजळीत पाणी ओतत असत. हे विरभद्रलाही ठाऊक, मास्तरांनाही ठाऊक. मास्तर त्याच्या ओट्यावर अधूनमधून बसायचे, आपलं सांगायचे. विरभद्रला त्यांच्या देवात काडीचा रस नव्हता, पण माणूस आवडला होता. दोनेक वर्षांनी एका दुपारी त्यानं मनाशी काही ठरवलं, आत गेला आणि देवघराशेजारच्या हंड्यातलं पाणी घरातल्या पितळी तांब्यात घेऊन स्वतः बाहेर आला. म्हणाला, "घ्या मास्तर." बायको दारात उभी राहून बघत होती. विरभद्रच्या दृष्टीनं ती केवढी मोठी गोष्ट होती, ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागणार नाही.

मास्तरांनी हात जोडले. "माफ करा पाटील. बाटली हाय माझ्याजवळ."

विरभद्र दुसऱ्या दिवशी तणतणत माझ्या दुकानात आला. "आमच्या हातचं पाणी चालंना त्याला! काय समजतो सोताला? आता कुणी कुणाला बाटवायलंय, सांगा की!" मी त्याला चहा पाजून घालवला. पण संध्याकाळी मास्तर पिशवी न्यायला आले तेव्हा मी त्यांच्यावर घसरलो. "तुमच्या आज्याला कुणी पाणी दिलं न्हाई, आन् तुम्हाला देतेत तर तुम्ही घेत न्हाईत. त्या माणसाच्या जिवाला काय वाटलं असंल?"

"घेतलं असतं तर लोक म्हणले असते, पाण्यासाठी येतो."

"कोण म्हणलं असतं? येक मानूस दाखवा."

मास्तर खाली बघत पिशवीचा बंद गुंडाळत राहिले. "मीच म्हणलो असतो, आप्पा," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाचं भ्या न्हाई मला."

त्यांचा नितळपणा मला तेव्हा पहिल्यांदा नकोसा वाटला. एवढं स्वच्छ राहायचं तर दुसऱ्याच्या ओट्यावर बसूच नये माणसानं, असं मनात आलं.

या नियमाचा एकदा भंग झाला होता, आणि तोही माझ्याच दुकानातल्या वस्तूनं. त्या चाकूरच्या पुढच्या गावात कलावती नावाची एक बाई शिवणकाम करते. नवरा शेतात वीज पडून गेला. पदरी दोन मुली. सासऱ्यानं घेऊन दिलेली जुनी मशीन, तिच्यावर घर चालतं. ऐन शाळा उघडायच्या आधी, गणवेशांचं काम आलेलं असताना, मशीन अडली. मास्तर खाकी पिशवी घेऊन गेले. बघितलं तर शटल, म्हणजे खालचा दोरा धरून फिरणारा भाग, पार झिजून गेलेलं. नवीन शटल त्यांनी माझ्याकडून नेलं होतं, ते बसवलं, चिंधीवर शिलाई मारली, उन्हाला धरली. बाईजवळ तेव्हा द्यायला काही नव्हतं, ती ओशाळून उभी राहिली. मास्तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." आणि उठून आले. येशूचं अक्षरही बोलले नाहीत, खाकी पिशवीचा दिवस होता.

पाच-सहा महिन्यांनी एका रविवारी कलावती पत्र्याच्या शेडमध्ये येऊन मागं बसली. पुढच्या रविवारीही आली. मग येतच राहिली. मंडळीतली कुणी म्हातारी तिच्या शेजारी राहायची, तिच्याकडून तिनं ऐकलं होतं. गाणी पाठ केली. अक्षर लावून लावून पुस्तक वाचायला शिकली. वर्षभरानं तिनं मास्तरांना म्हटलं, मला बाप्तिस्मा द्या. म्हणजे तळ्याच्या पाण्यात उभं करून, बुडवून, मला तुमच्यात घ्या.

मास्तर म्हणाले, "थोडं थांबा."

का थांबा, ते मला त्यांनी सांगितलं होतं. तिला शटल फुकट दिलं होतं. ती प्रभूसाठी येते का शटलच्या उपकारासाठी, कसं ओळखायचं? मी म्हटलं, मग शटलचे पैसे घेऊन टाका. तिनंही दिले होते म्हणे, दोनदा. घेतले तर आता प्रभूचा सौदा झाला असं होईल म्हणून मास्तरांनी घेतले नव्हते. घेता येत नाही, सोडता येत नाही. एक वर्ष गेलं, दोन गेली. दर ईस्टरला कलावती विचारायची आणि दर ईस्टरला मास्तर म्हणायचे, थोडं थांबा. अशी सहा वर्षं गेली. तेवढ्या काळात मंडळीतले दोघं वारले, एक पुण्याला कामाला गेला. सातातले चार उरले आणि पाचवी दाराशी बसलेली. मास्तरांच्या पायांना सूज यायला लागली होती. गाडीतून उतरताना ते आधी एक पाय खाली टेकवून थोडं थांबायचे. वाहक ओरडायचा, "ओ बाबा, उतरा की लवकर." मी दुकानातून बघायचो आणि मला वाटायचं, या माणसानं आता घरी बसावं.

मग कलावतीच्या दिरानं अर्ज केला. मशीनचं आमिष दाखवून माझ्या भावजयीला बाटवायलेत, असा. घरजागेचा वाद होता, त्याला ती गावातून जायला हवी होती, पण अर्जात ते कसं लिहिणार? तालुक्याच्या ठाण्यात मास्तरांना बोलावलं. शटल माझ्या दुकानातलं म्हणून मलाही. मी जाताना गाडीत त्यांना नीट पढवलं. "मशीन तिच्या सासऱ्याची हाय. तुम्ही नुसती दुरुस्ती केली. एवढंच बोला. पुढं मी बघतो."

"हाव," ते म्हणाले.

फौजदार तरुण होता, कंटाळलेला, पण बरा माणूस. त्यानं विचारलं, "काही वस्तू मोफत दिली होती का?"

मी मान हलवायच्या आत मास्तर म्हणाले, "हाव साहेब. शटल दिलं होतं. पैसे घेतले न्हाईत. चूक माझी हाय."

मी कपाळाला हात लावला. दीर उठून म्हणाला, "बघा! सोताच्या तोंडानं कबूल!" फौजदारानं पेन उचललं.

कलावती आतापर्यंत भिंतीला टेकून उभी होती. चाळिशीची, बारकी, डोक्यावर पदर, दोन बोटांना सुईनं पडलेले घट्टे. ती पुढं आली आणि पदराची गाठ सोडून टेबलावर काहीतरी ठेवलं. लोखंडाचं, तेलकट. फौजदार ते उलटसुलट करून बघायला लागला.

"काय आहे हे?"

"ते शटल हाय साहेब," ती म्हणाली. "सकाळीच काढलं मशीनमधलं. ह्यांचं ह्यांना द्या. मशीन बंद पडली तर पडू द्या, मी मजुरीला जाईन. पर रविवारी जायाची ती जायाचीच."

"म्हणजे तुम्हाला यांनी धर्मात घेतलंय?"

"कुठं घेतलंय?" आणि तिचा आवाज एकदम चढला. "सहा वर्षं झाली, मागून राहिले मी. सहा वर्षं मला दाराबाहेर बसवलंय ह्यांनी. आमिष दाखवणारा मानूस असा असतो का? बलावणारा तरी असतो का असा? ह्यांना माझा भरोसाच न्हाई. माझ्या दिराला वाटतं मी शटलसाठी जाते, आन् ह्यांना बी तेच वाटतं. दोघं सारखेच हायेत साहेब."

फौजदारानं दिराकडं बघितलं, मास्तरांकडं बघितलं, आणि त्याला हसू आवरेना. "अहो, यांनी तर घेतलंच नाही तिला," तो दिराला म्हणाला. "मी कशाची चौकशी करू?" अर्ज तिथंच संपला. शटल त्यानं मास्तरांच्या हातात दिलं.

जिंकून आलो होतो आम्ही. मी खुशीत होतो, भज्यांची ऑर्डर द्यायच्या विचारात होतो. बसस्टँडवर बाकड्यावर बसलो तर मास्तरांचा चेहरा राखेसारखा झालेला. शटल मुठीत धरलेलं होतं. दोन गाड्या गेल्या, त्यांनी उठायचं नाव घेतलं नाही.

"तिनं मला आन् त्याला येका पंगतीत बसवलं, आप्पा," शेवटी ते म्हणाले. "आन् बरोबर बसवलं."

"अहो, रागात बोलली ती."

"न्हाई. मी माझंच मन बघत बसलो. माझं स्वच्छ हाय का, माझं खरं हाय का. तिचं मन कवा बघितलंच न्हाई. ती सहा वर्षं समोर बसली होती."

मला त्यांची फार दया आली. आयुष्यभर जी एक गोष्ट जपली, तिच्यापायीच हातून वाईट झालं होतं, आणि पाय सुजलेले असताना त्यांना ते कळत होतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. असं मी सहसा कुणाला करत नाही.

पुढचं आधी सांगून टाकतो. मास्तर या उन्हाळ्यात नांदेडला वारले. पायांची सूज वर चढत गेली. मातीला मी जाऊ शकलो नाही, गुडघे चालत नाहीत. माझ्या दुकानातला तो खिळा रिकामा आहे. सुनेनं एकदा त्याला कॅलेंडर अडकवलं होतं, मी काढायला लावलं. मास्तरांना मी शेवटचं नीट पाहिलं ते ठाण्यातून आल्यानंतरच्या गुरुवारी.

त्या दिवशी ते दुकानात आले, चपला काढल्या, पण पिशवी काही पुढं करेनात. दोन्ही खांद्यांवर दोन पिशव्या तशाच. मी हात पुढं करून म्हटलं, "आज कोणती ठिवायची?"

"आज दोन्ही नेऊन राहिलो," ते म्हणाले. "येका घरी."

त्यांना त्या दोन्ही उचलवत नव्हत्या. मी सुनेला गल्ल्यावर बसवलं, खाकी पिशवी माझ्या खांद्याला घेतली आणि गाडीत बसलो. चाकूरला उतरून जीप केली. कलावतीचं घर म्हणजे एक खोली आणि पुढं पत्र्याची पडवी. पडवीत मशीन, तिच्यावर फडकं झाकलेलं. आठवडाभर बंद होती. कापलेले कपडे बाजूला गठ्ठा करून ठेवलेले. ती खाली बसून हातानं काजं करत होती. आम्हाला बघून तिनं पदर सारखा केला आणि बाज ओढली. पाणी विचारलं नाही. मास्तर पीत नाहीत, हे सहा वर्षांत साऱ्या गावाला पाठ झालं होतं. मला मात्र तहान लागली होती, पण मीही गप्प बसलो.

मास्तर बाजेवर न बसता तिच्यासमोर जमिनीवर बसले. बसायला वेळ लागला. निळी पिशवी एका बाजूला ठेवली, खाकी माझ्याकडून घेऊन दुसऱ्या बाजूला. खिशातून शटल काढून मध्ये ठेवलं.

"कलावतीबाई, मी चुकलो," ते म्हणाले. "येत्या रविवारी तळ्यावर या. मी देतो तुम्हाला बाप्तिस्मा. आन् ही मशीन मला आज बसवून देऊ द्या."

तिनं सुई कापडात टोचून ठेवली. मला वाटलं, रडते की काय. रडत नव्हती. चांगलीच रागात होती.

"न्हाई मास्तर," ती म्हणाली.

मास्तरांनी मान खाली घातली. "बरं," म्हणाले. "तुमचा हक्क हाय."

"तसं न्हाई. सहा वर्षं तुमी माझ्या घरचं पाणी पेला न्हाईत, आन् तुमच्या तळ्याचं पाणी मला दिलं न्हाई. आधी माझं घ्या. मग तुमचं मी घेते."

ती उठून आत गेली. आत भांडं घासल्याचा आवाज आला, मग हंड्यावरचं झाकण सरकल्याचा. मास्तर माझ्याकडं बघायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं भेदरलेलं पाहिलं नव्हतं, चावडीपुढून आले त्या दिवशीही नाही. त्यांचा हात सवयीनं पिशवीतल्या स्टीलच्या बाटलीकडं गेला. तिथंच थांबला.

कलावती तांब्या घेऊन आली. दोन्ही हातांनी पुढं धरला. काठोकाठ भरला होता, थोडं पाणी तिच्या मनगटावर सांडलं.

मास्तरांनी तांब्या घेतला. मी आधार द्यायला पुढं सरकलो, पण तिनं नजरेनंच मला थांबवलं. त्यांनी वरून धरला नाही, ओंजळही केली नाही. तांब्या ओठाला लावला आणि प्यायला लागले. मध्ये खोकला आला, थांबले, पुन्हा प्यायले. सदरा भिजला. ती समोर उभी राहून शेवटपर्यंत बघत होती.

रिकामा तांब्या त्यांनी लगेच दिला नाही, मांडीवर धरून बसले. मग तो तिच्यापुढं केला आणि म्हणाले, "अजून थोडं द्या."